मोटरीवरचा डबा

तुमचा जेवणाचा डबा दुपारी कोण गरम करतं?

हसू नका, उत्तर द्या. घरी असाल तर गॅस आहे. ऑफिसात असाल तर कोपऱ्यात ओव्हन असेल, नाहीतर शिपाई असेल. शेतात असाल तर तीन दगड मांडून काटक्या पेटवता येतात. पण तुम्ही जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या शेडमध्ये उभे असाल, अंधारातल्या एसटीने आलेले असाल, आणि जेवणाच्या सुट्टीतला अर्धा वेळ हात धुवायच्या नळावर रांगेतच जात असेल, तर? तर तुमचा डबा मोटर गरम करते. मशीनची मोटर सकाळभर फिरून तापते, तिच्या पाठीवर स्टीलचा डबा ठेवला की दुपारपर्यंत डाळ कोमट होते. त्यासाठी फक्त एक गोष्ट करावी लागते. मोटरीपुढची जाळी काढावी लागते.

मी त्या शेडमध्ये देखभालीच्या कामाला लागले तेव्हा धुळ्याच्या तंत्रनिकेतनातून नुकतीच बाहेर पडले होते. यंत्र अभियांत्रिकीची पदविका हातात होती आणि डोक्यात वडिलांची पत्रकं होती. वडील सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली, पत्रकं चालू राहिली. आमच्या घरात कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असत, गणितं पत्रकांच्या पाठीवर सोडवली जात, भाकरी पत्रकात गुंडाळली जाई. 'ळ' हे अक्षर मी पहिल्यांदा 'चळवळ' या शब्दात पाहिलं. त्यामुळे जगात अन्याय करणारा एक असतो आणि सोसणारे अनेक असतात, आणि मधली रेघ ठळक छापलेली असते, असंच मला वाटे. अजूनही बऱ्याच वेळा तसंच वाटतं. पण त्या शेडमधल्या एका सकाळी ती रेघ कुठून जाते हे मला दिसेना, म्हणून हे लिहिते आहे.

धुळ्याला आमचे एक सर लाकडाच्या चार पट्ट्या वर्गात आणत. चारही टोकांना बोल्ट लावून जोडलेल्या. एक पट्टी टेबलाला घट्ट धरायचे, दुसरी हळूहळू फिरवायचे, आणि उरलेल्या दोन पट्ट्या आपोआप हलायच्या. कितीही वेळा फिरवलं तरी त्याच वाटेने जायच्या, त्याच वाटेने परत यायच्या. "याला म्हणतात बांधलेली हालचाल," सर म्हणायचे. "एक हलली की बाकीच्यांना पर्याय नाही. कुठे जायचं हे त्यांना कोणी विचारत नाही."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, म्हणजे लग्न."

वर्ग हसला. सरही हसले. मी हसले नाही, मला त्यात वडिलांची गिरणी दिसली. सर पुढे म्हणाले, "पण हेच उपयोगाचं आहे. पट्टी मन मानेल तिकडे गेली असती तर यंत्र झालंच नसतं. बांधलेली आहे म्हणून काम करते." हे वाक्य मला तेव्हा आवडलं नव्हतं. पटलं मात्र होतं, आणि न आवडणारी गोष्ट पटणं हा फार चिडचिडा अनुभव असतो.

चटईचं मशीन त्या चार पट्ट्यांचंच मोठं भावंड आहे. मोटर पट्ट्याने चाक फिरवते, चाकाला क्रँक, म्हणजे बाजूला काढलेला आखूड दांडा, क्रँकला रॉड, रॉडला फणी. प्लास्टिकची काडी दोऱ्यांमधून आडवी गेली की दातेरी फणी पुढे येते, काडी ठोकून बसवते आणि मागे जाते. पुन्हा काडी, पुन्हा फणी. रॉड मशीनच्या बाजूच्या लोखंडी खांबाला जवळजवळ घासून जातो. फणी पुढे असते तेव्हा रॉड आणि खांब यांच्यात चपाती शिरणार नाही एवढीच फट राहते. म्हणून मोटर, चाक आणि रॉड या सगळ्यांपुढे एकच जाळी असते. जाळीच्या चौकटीवर लाल रंगात बाण काढलेला असतो, चाक कुठल्या दिशेने फिरतं ते दाखवणारा.

आमच्या शेडमध्ये मशीनं जोडीने बसवलेली होती, एक डावं आणि एक उजवं, आरशात पाहिल्यासारखी. मध्ये एक अरुंद गल्ली. एकाच बाईने गल्लीत उभं राहून दोन्ही मशीनं बघायची. दोन्ही मोटरी गल्लीकडे, दोन्ही चाकं गल्लीकडे. म्हणजे दोन्हीकडे डबे ठेवायची सोय.

पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या जाळ्या शोधून काढल्या. काही भिंतीला टेकवलेल्या होत्या, काही पोत्यांखाली होत्या, एका जाळीवर गोणपाट टाकून बायका जेवायला बसत. मी त्या एकेक करून मशीनला लावल्या, बोल्ट आवळले आणि स्वतःवर खूश झाले. दुपारी सुट्टी झाली आणि उडदाची डाळ डब्यात डिंकासारखी घट्ट झालेली निघाली.

पहिली शिवी मला माझ्या आत्याकडून मिळाली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. पारोळ्याकडच्या तिच्या गावाहून ती रोज येई, आणि त्याच शेडमध्ये माझ्या कितीतरी आधीपासून कामाला होती. तिच्या ओळखीनेच मला तिथे घेतलं होतं. उघडा डबा माझ्यापुढे धरून ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "तुन्ही जाळी खाऊ का मी? माले गरम डाळ लागस."

"आत्या, रॉडमध्ये हात गेला तर?"

"इतला वरीस गया नही, आते जाई?"

तिच्या शेजारच्या जोडीवर पहूरची एक बाई होती, तिला सगळे अक्का म्हणत. ती म्हणाली, "इंजिनियरबाई, एक काम करा. जाळी ठेवा आणि रोज आमच्यासाठी शेगडी घेऊन या." बायका खदाखदा हसल्या. फोरमनही हसले. ते भुसावळचे, वयाने मोठे, सगळे त्यांना नाना म्हणत. "दोन दिवसांत काढतील बघ," ते मला म्हणाले. "मी पण लावून थकलो."

दोन दिवसही लागले नाहीत. आत्याने तिच्या जाळीचे बोल्ट काढले आणि जाळी वर उचलून एका काडीने बांधून ठेवली, म्हणजे शेठ आले की झटकन सोडून खाली पाडता यावी. चटईची काडी दोरीसारखी चिवट असते. शेडमध्ये सगळं काडीनेच बांधलेलं असे, पंखा, नळ, चपलेचा तुटलेला अंगठा. मग सगळ्यांनीच तसं केलं. काही दिवसांनी वर बांधलेल्या जाळ्या डोक्याला लागू लागल्या, म्हणून त्या पुन्हा पोत्यांखाली गेल्या.

मी शेठकडे गेले. शेठचं घराणं मारवाडी, बाजारात कापडाचं जुनं दुकान, हा कारखाना त्यांनी स्वतः उभा केलेला. डबे गरम करायला एक जागा द्या, मी म्हणाले. ते वाईट बोलले नाहीत. "बघू," म्हणाले. "शेडमध्ये आग नको. एवढं प्लास्टिक आहे. बाहेर काहीतरी करू." बाहेर काहीच झालं नाही. मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "पत्रक काढू." मी म्हणाले, काढू. तेही झालं नाही, कारण डबा गरम व्हावा यावर पत्रक काढायचं म्हणजे काय लिहायचं, हे आम्हा दोघांनाही सुचेना.

ती सकाळ थंडीतली होती. खानदेशात मे महिन्यात मोटरीवर डबा ठेवायची कोणाला गरज नसते, पण जानेवारीत सकाळच्या एसटीत हात काखेत घालून बसावं लागतं. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला तेल घालत होते. आधी पट्टा किंचाळल्याचा आवाज आला, मग जळक्या रबराचा वास, आणि मग अक्काची हाक. आत्या ओरडली नव्हती. अक्काने धावत येऊन लाल बटण दाबलं आणि ते मशीन थांबलं. मग एकेक करत सगळी शेड थांबली. तोवर त्या शेडमध्ये शांतता कशी असते हे मला माहीत नव्हतं.

आत्या गल्लीत उकिडवी बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत मशीनच्या बाजूला आत गेलेला. डबा मोटरीच्या थरथरीने सरकत सरकत कडेला आला होता, तो पडू नये म्हणून तिने हात घातला, आणि रॉडने डबा आणि हात दोन्ही खांबावर दाबले. डबा चेपून पुरणपोळीएवढा चपटा झाला होता. त्याच्यामागे तिचा हात होता. तो डबा नसता तर काय झालं असतं, ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

मी रडायला लागले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा. "पोरी, हात मन्हा शे. तू कसाले रडस?"

आता इथे मला त्या चार पट्ट्या आठवल्या, आणि त्या दिवशी त्यांचा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता. कारण काहीही एकटं हलत नव्हतं. रॉड मागे घ्यायचा तर क्रँक फिरली पाहिजे, क्रँक फिरवायची तर चाक फिरवावं लागेल, चाक फिरलं की फणी हलणार. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला तिची बोटं, आणि मधलं सगळं लोखंड इमानदार. आम्ही जे करू ते त्या बोटांपर्यंत पोचवणार. चूक केली तर चूकही पोचवणार.

नाना म्हणाले, "पिन काढतो. रॉड सुटेल." रॉड आणि फणी जोडणारी पिन. ते हातोडी घेऊन आले. मी म्हणाले, "नाना, फणीचं सगळं वजन त्या पिनेवर आहे. पिन निघाली तर रॉड कुठे पडेल?" आम्ही दोघांनी रॉडखाली पाहिलं. तो तिच्या मनगटावरच पडला असता. नानांनी हातोडी खाली ठेवली.

तेवढ्यात शेठ आले. कोणीतरी फोन केला होता. चपला न घालता गाडीतून उतरले होते. गल्लीत शिरून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "कापा. मशीन कापा. बघता काय?"

"शेठ, गॅसने कापायचं तर ठिणगी," नाना म्हणाले. खाली सगळीकडे काड्यांचे तुकडे होते, वर दोऱ्यांचा कापूस चिकटलेला. आग नको, हे शेठनीच तर मला सांगितलं होतं. माझ्या मनात आलं, बोलून टाकावं. पण त्यांचे अनवाणी पाय त्या काड्यांवर होते आणि ते हलत नव्हते.

उरला एकच मार्ग. चाक उलटं फिरवायचं, जसं आत गेलं तसं बाहेर. सुलट फिरवलं तर रॉडला अजून थोडी वाट खांबाकडे जायची होती, मगच तो परतला असता. तेवढी वाट म्हणजे तिची बोटं. म्हणून उलटंच. पण उलटं म्हणजे कुठे? रोज ती चाकं आम्ही पाहतो, पण फिरतात तेव्हा नुसती धूसर दिसतात. बाण जाळीवर होता आणि जाळी पोत्यांखाली. कोणती जाळी या मशीनची, हे कोणाला माहीत?

नाना म्हणाले, "शेजारचं फिरवून बघतो." ते मागे वळले आणि गल्लीपलीकडच्या मशीनचं चाक त्यांनी हाताने फिरवलं. डावीकडे ओढलं तर रॉड खांबाकडे गेला. उजवीकडे ओढलं तर खांबापासून दूर आला. "उजवीकडे!" ते म्हणाले. अक्काही म्हणाली, "उजवीकडे, मी पाहिलं." नाना पुन्हा आत्याकडे वळले, तिच्या डोक्यावरून वाकले, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि उजवीकडे जोर लावायला खांदा टेकवला.

ते वळले, हे मी पाहिलं. शेजारच्या मशीनसमोर उभे असताना शेडचं दार त्यांच्या डाव्या हाताला होतं. आता ते उजव्या हाताला आलं होतं.

"नाना, थांबा! उजवीकडे नाही! भिंतीकडे!"

"अगं उजवीकडेच, आता पाहिलं ना सगळ्यांनी."

"तिथे तुमची उजवी बाजू मागच्या भिंतीकडे होती. इथे तुमची उजवी बाजू दाराकडे आहे. तुम्ही फिरलात, नाना. मशीन नाही फिरलं."

नानांनी हात उचलले. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. इतकी वर्षं त्या जोड्यांमध्ये काम केलेला माणूस, आणि आम्ही सगळे, डावं आणि उजवं असं बोलत त्या गल्लीत उभे राहायचो आणि कधी अडलं नव्हतं. कारण कधी कोणाचा हात आत नव्हता. पण मलाही खात्री नव्हती. डोक्यात मी ती दोन्ही मशीनं फिरवून पाहत होते आणि प्रत्येक वेळी ती मला वेगळी दिसत होती. वर्गात फळ्यावर एका बाजूने काढलेलं चित्र असतं. आपण कुठे उभे आहोत, हे त्यात कोणी काढत नाही.

शेवटी मी खालची एक काडी उचलली आणि तिच्या हाताच्या वर, रॉड आणि खांब यांच्या फटीत घट्ट खुपसली. फट उघडली तर काडी पडेल. फट मिटली तर काडी चेपेल. "नाना, भिंतीकडे. केसभर. काडी चेपली तर लगेच सोडायचं."

नानांनी चाक भिंतीकडे ओढलं. चाक हललं. काडी हलली नाही. अजून थोडं ओढलं. चाक अंगठाभर सरकलं आणि रॉड जागचा हलला नाही. शेठ म्हणाले, "काय झालं? काय होतंय?" जुनं मशीन होतं, पिना झिजलेल्या. प्रत्येक जोडात थोडीथोडी ढिलाई साठलेली. ती सगळी ढिलाई भरून निघेपर्यंत टोकाला काही कळणार नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि तरी तो अंगठाभर प्रवास मी अजून झोपेत करते. हात फिरतो आहे आणि दुसऱ्या टोकाला काय होणार ते अजून ठरलेलं नाही.

"ओढू?" नाना म्हणाले. त्यांच्या कपाळावरचा घाम आत्याच्या पदरावर पडत होता.

आत्या म्हणाली, "ओढ रे बा. मन्ही एस्टी चुकी जाई." एस्टी संध्याकाळची होती.

नानांनी ओढलं. कुठेतरी आत टक् असा आवाज झाला. काडी पडली.

मग ते ओढत राहिले आणि रॉड मुकाट्याने मागे गेला, ज्या वाटेने आला त्याच वाटेने. अक्काने आत्याला मागून धरलं. मी तिचा हात बाहेर काढला. डबा खांबाला चिकटून राहिला होता, तो नंतर नानांनी पान्याने सुटा केला. शेठनी आत्याला स्वतःच्या गाडीत बसवलं. गाडीत ती मला म्हणाली, "डबाना काय व्हयनं?"

हात राहिला. हाडं मोडली होती, ती जुळली. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट पूर्ण मिटत नाहीत. मूठ वळली की ती दोन बोटं बाहेरच राहतात. भाकरी थापते ती, पण भाकरी एका बाजूला जाड होते. मशीनवर ती आता उभी राहू शकत नाही, तुटलेला दोरा त्या बोटांना धरता येत नाही.

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. नफ्यासाठी जाळ्या काढणाऱ्या मालकाचा निषेध, अशी होती ती. ओळ चांगली होती. मी अशाच ओळींवर वाढले.

आत्याला दवाखान्यातून आमच्याच घरी आणलं होतं, खाटेवरून ती म्हणाली, "जाळी मी सोडेल व्हती, भाऊ."

"ते लिहायचं नसतं," वडील म्हणाले. "तू सोडली म्हटलं की शेठ सुटला. मग बोटंही तुझी आणि चूकही तुझी."

"मंग खोटं लिखस का?"

"मी खोटं लिहीत नाही. मी बाजू घेतो."

त्याच दिवशी दुपारी शेठ विचारपूस करायला आले होते. फळं आणली होती. उठताना दारात थांबून ते मला म्हणाले, "दवाखान्याचं सगळं मी बघतो. तू फक्त एवढं सांग, जाळी कामगारांनी काढली होती ना?" त्यांना ते वाक्य हवं होतं. वडिलांना दुसरं वाक्य हवं होतं. आणि दोन्ही वाक्यांमध्ये माझी आत्या पुन्हा तशीच बसलेली मला दिसत होती, उकिडवी, एका बाजूला रॉड, दुसऱ्या बाजूला खांब. आम्ही कोणीही जरा हललो की दाब तिच्यावर.

मी शेठना म्हणाले, "हो, कामगारांनी काढली. का काढली, तेही विचारा." त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते माहीत होतं, मीच सांगितलं होतं.

वडिलांशी मात्र मी भांडले. तीन संध्याकाळी भांडलो असू. ते म्हणत, पत्रकात शत्रू स्पष्ट लागतो. मी म्हणे, बायका पत्रक वाचतील तेव्हा त्यांच्या डब्याखाली मोटर गरमच असेल. 'मालकाने जाळी काढली' हे वाचून त्या म्हणतील, बरोबर आहे, आणि डबा तिथेच ठेवतील. ज्या वाक्याने कोणाचा हात बाहेर निघत नाही ते वाक्य काय कामाचं? वडील चिडले. "मला शिकवू नकोस," म्हणाले. मग आत्याला म्हणाले, "तू सांग. काय लिहू?"

ती म्हणाली, "जे व्हयनं ते. जाळी आम्ही काढी. डाळ थंडी व्हती म्हणून काढी. गरम कराले जागा द्या, मंग जाळी लावतस."

वडिलांनी आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक लिहिलं. त्यात निषेध नव्हता, धिक्कार नव्हता. गेटवर वाटलं तेव्हा अक्काने वाचून तोंड वाकडं केलं. "आमचंच नाव घालवलं," म्हणाली. पण त्या दिवशी तिने डबा मोटरीवर ठेवला नाही. मी पाहिलं. हातात धरून उभी होती, कुठे ठेवू म्हणून.

शेठनी शेडच्या बाहेर पत्रा टाकला, खाली एक टेबल. बसायला बरं झालं. शेगडी अजून नाही. परवानगी आणतो म्हणतात. आत्या आता चटया गुंडाळून बांधायच्या कामावर आहे. दुपारच्या आधी ती मोठी टोपली घेऊन गल्ल्यांतून फिरते, बायकांचे डबे गोळा करते आणि गेटबाहेरच्या चहावाल्याच्या भट्टीच्या कडेला मांडून येते. टोपली डाव्या हातावर, उजवा हात नुसता वर टेकवलेला. जाताना मशीनजवळ थांबून ओरडते, "बठ्ठा डबा द्या वं! मोटर काय तुमनी सासू शे का, तिना मांडीवर बसाडतस?" जाळ्या लागल्या आहेत. त्यावरच्या बाणांना मी पुन्हा लाल रंग दिला, आणि बाणाशेजारी 'दार' आणि 'भिंत' असं लिहिलं.

पण ज्या दिवशी माल भरायची घाई असते त्या दिवशी माल भरून घेणारा ठेकेदार तिला गेटबाहेर सोडत नाही. त्या दिवशी डबे थंड राहतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीतून जाते तेव्हा कुठल्यातरी जाळीचा एखादा बोल्ट ढिला असतो, काडीची एखादी गाठ तयार असते. मी आवळते. पुन्हा ढिला होतो. मी कोणाला रागावत नाही. त्या गाठीचं दुसरं टोक कुठे आहे, ते मी पाहिलं आहे. ते एसटीच्या वेळेला बांधलेलं आहे, नळावरच्या रांगेला, शेठच्या 'बघू'ला. नुसती गाठ सोडून काही होत नाही, आणि नुसतं शेठना बोलूनही होत नाही. दोन्ही टोकं एकदम धरावी लागतात.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही डाळ मिलमध्ये असाल, पिठाच्या गिरणीत, जिनिंगमध्ये, रसवंतीवर, कुठेही. तिथे फिरणाऱ्या भागापुढची एखादी जाळी उघडी असेल. उद्या मशीन सुरू व्हायच्या आधी ती लावा. आणि लावण्याआधी ज्याने ती काढली त्याला शेजारी बसवून विचारा, का काढली. जे उत्तर येईल ते घेऊन, त्याला बरोबर घेऊन, त्याच दिवशी मालकाच्या दारात जा. आणि तोपर्यंत, हे वाचून झालं की उठा, आणि मोटरीवर कोणाचा डबा असेल तर तो उचलून खाली ठेवा.